नऊ नंबरची नोंद

आमच्या केंद्रातल्या हॅमस्टरांच्या वंशावळीच्या वहीत नऊ नंबरच्या मादीपुढे जे लिहिलं आहे, ते खोटं आहे. अक्षर माझं आहे, सहीही माझी. पंधरा वर्षं ही गोष्ट मला आणि माझ्या बायकोला ठाऊक होती, त्यातही तिला अर्धीच.

आधी त्या वहीबद्दल सांगायला हवं. शारजाहून दैदकडे जाताना, हमरस्ता सोडून वाळूत शिरलं की एका श्रीमंत कुटुंबाचं खासगी प्राणी-संवर्धन केंद्र होतं. हरणं होती, रानमांजरं होती, आणि मागच्या बाजूला बिनखिडकीच्या एका लांबट खोलीत सिरियाहून आणलेले अकरा रानटी हॅमस्टर होते. त्यांच्या नोंदी मी ठेवायचो. मुंबईत एका औषध कंपनीच्या प्राणीघरात पांढरे उंदीर आणि ससे सांभाळण्यात, त्यांचे तक्ते भरण्यात माझी वीस वर्षं गेली होती. अक्षर बरं आणि हात हलका, एवढ्या भांडवलावर इथली नोकरी मिळाली.

वंशावळीची वही म्हणजे प्रत्येक प्राण्याचा नंबर, आई-बाप कोण, कधी जन्मला, कोणाशी जोडी लावली, कधी आणि कशाने मेला. भावाबहिणींची जोडी लागू नये, वंश कमजोर होऊ नये, म्हणून हे सगळं. प्राणी मरतो, वही राहते. वही चुकली तर पिंजऱ्यात काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

दुकानातला सोनेरी हॅमस्टर सगळ्यांनी पाहिलेला असतो. चाकात धावतो, गाल फुगेस्तोवर दाणे भरतो, मुलांच्या तळहातावर झोपतो. पण जगभरच्या घरांतले हे प्राणी जवळजवळ सगळे अलेप्पोजवळच्या एका शेतातून खणून काढलेल्या एकाच मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत, हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. रानात त्याचं घर म्हणजे तेवढाच पट्टा, सिरियाचा उत्तर भाग आणि सीमेपलीकडचं थोडं तुर्कस्तान. तिथेही तो रानात राहत नाही, शेतात राहतो. गहू, हरभरा, मसूर यांच्या बांधाखाली खोल बीळ करतो, एकेकटा. घरातले हॅमस्टर रात्रीचे जागतात, पण तिथल्या शेतातल्या माद्या सकाळी आणि उन्हं उतरल्यावर बाहेर येतात, घाईघाईने गाल भरतात आणि परत खाली जातात. शेतकरी त्याला विष घालतात, नांगर त्याची बिळं मोडतो. प्राण्यांच्या जागतिक यादीत तो धोक्यात आलेल्यांमध्ये आहे. डॉक्टर म्हणायचे, “परदेशात शेठ आणि गावात भिकारी, असा आहे आमचा झोळीवाला.” गालांच्या पिशव्यांमुळे ते त्याला झोळीवाला म्हणत.

डॉक्टर म्हणजे केंद्राचे पशुवैद्य. अलेप्पोच्या उत्तरेला त्यांचं गाव, वडिलांची मसुराची शेती. वयाने माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, पण मला ‘उस्ताद’ म्हणायचे. त्यांचं हिंदी पठाण ड्रायव्हरांकडून शिकलेलं, माझं मुंबईचं. दोघांचं मिळून काम भागायचं. लहानपणी वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी स्वतः बिळांत विषाचे दाणे सोडले होते. “अब्बाने जितना मारा,” ते म्हणायचे, “उतना मैं वापस छोडेगा. खलास.” ते अकरा प्राणी त्यांनी त्याच शेतांतून, सगळे परवाने काढून आणले होते. नऊ नंबरची मादी त्यांच्या स्वतःच्या बांधावरची. सगळ्यांत तापट. हातमोज्याशिवाय हात घातला तर रक्त काढायची.

सिरियात लढाई पेटली त्याच्या आधीचा हिवाळा होता. पिल्लं व्हावीत म्हणून त्यांना थोडी थंडी दाखवावी लागते, असं डॉक्टरांचं मत. खोलीतले दिवे कमी वेळ लावायचे आणि एसी हळूहळू खाली आणायचा. नेमकं त्याच वेळी त्यांच्या बहिणीचं लग्न निघालं. गावी जायच्या घाईत त्यांनी पुढच्या आठवड्याचं तापमान एका चिठ्ठीवर लिहून खोलीच्या दाराला चिकटवलं. एरवी ते आकडे इंग्रजीत लिहायचे. त्या दिवशी हाताच्या सवयीने अरबीत लिहिले.

अरबी आकड्यांत पाच म्हणजे नुसतं वाटोळं, थेट आपल्या शून्यासारखं. त्यांचं शून्य म्हणजे एक ठिपका. इथे नवीन आलेला प्रत्येक मराठी माणूस गाड्यांच्या पाट्यांवर एकदा तरी यात फसतो आणि मग दुसऱ्याला हसतो. मला येऊन चार वर्षं झाली होती. आकडे वाचता येत नव्हते असं मी म्हणू शकत नाही. चिठ्ठीवर एक उभी रेघ होती आणि पुढे वाटोळं. म्हणजे पंधरा. माझ्या डोळ्यांनी पहिलीच्या पाटीवर जे गिरवलं होतं तेच वाचलं. दहा. गुरुवारी संध्याकाळी मी एसी दहावर लावला, शुक्रवारची सुटी म्हणून दोन दिवसांचं दाणापाणी ठेवलं आणि स्टाफच्या बसमध्ये बसलो.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर आतून शीतपेटीसारखी हवा आली. नऊचा पिंजरा एसीच्या अगदी तोंडाशी होता. बाकीचे कापसात गोळा होऊन झोपले होते, हात लावला तर हलत होते. नऊ हलली नाही. उचलली, तर फ्रिजमधून काढलेल्या लिंबासारखी थंड आणि टणक. पाय पोटाशी आवळलेले. मी चष्मा काढून त्याची काच तिच्या नाकाशी धरली. वाफ धरली नाही. छातीला बोट लावून पाहिलं, काही लागलं नाही. मग चिठ्ठीकडे पाहिलं, आणि या वेळी मला पंधरा दिसलं.

नियम असा होता की मेलेला प्रत्येक प्राणी फ्रीझरमध्ये ठेवायचा, डॉक्टर तपासणी करणार. तपासणी झाली तर थंडीने गेली हे कळणार. मी काय काय विचार केला ते आता सांगतो, कारण तेही नोंदीत यायला हवं. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की शारजातलं अल मजाजचं घर, दुबईत ऊद मेथाला मुलाची शाळा, दहावीचं वर्ष, सगळं महिन्याभरात गुंडाळायचं. त्या मादीचा विचार मी केला नाही. डॉक्टरांचा केला, पण फक्त ते काय म्हणतील एवढाच.

इमारतीमागे घाफचं, म्हणजे आपल्याकडच्या शमीचं, एक झाड होतं. दुपारी तिथली वाळू जानेवारीतही कोमट असते. वीतभर खड्डा करून मी तिला त्यात ठेवलं आणि वर वाळू लोटली.

संध्याकाळी घरी जाऊन बायकोला म्हटलं, “चल, पक्षीबाजारात जाऊन येऊ.”

“पोपट आणणार का आता?”

“चल तर.”

बाजारातला दुकानदार मलबारी होता. त्याने पांढरे दाखवले, ठिपक्यांचे दाखवले, केसाळ दाखवले. मी म्हटलं, “भूरा चाहिए. सादा.”

“हबीबी, भूरा कौन लेता है? बच्चा रोएगा.”

शेवटी मागच्या पिंजऱ्यातून त्याने एक तपकिरी मादी काढली. गालावर काळी रेघ, पोट पांढरं, हुबेहूब. बायकोने भोकं पाडलेलं खोकं मांडीवर घेतलं आणि टॅक्सीत विचारलं, “अहो, एवढी गोजिरवाणी सोडून हे घुशीचं पिल्लू का निवडलंत?”

“ऑफिसचं काम आहे.”

“ऑफिसच्या कामाला भोकं पाडलेलं खोकं?”

मी ड्रायव्हरला रस्ता सांगायला लागलो. तिला वाटलं, एक प्राणी मेला, तेवढाच आणून ठेवतायत. काचेचा पेला फुटला तर तसाच दुसरा आणतात तसं. तशी समजूत मीच होऊ दिली.

डॉक्टर तीन आठवड्यांनी परतले. पिंजऱ्यांवरून फिरत नऊपाशी थांबले. ते हसले. “क्या उस्ताद, शादी मेरी बहन का था, खाना इसको खिलाया?” बाजारातली मादी जरा जाडच होती. त्यांनी हात घातला. ती चावली नाही. “अरे, ये तो मेरेको पहचानने लगी.” खोकल्याचं निमित्त करून मी बाहेर गेलो.

तिने आठ पिल्लं दिली. इतर रानटी माद्या तीन-चार द्यायच्या, कधी खाऊनही टाकायच्या. डॉक्टरांनी गावी फोन लावून वडिलांना सांगितलं, आपल्या बांधावरचीने आठ दिले. मी शेजारी उभा राहून वहीत लिहिलं: आई, क्रमांक नऊ. तिची पिल्लंही तशीच, गरीब आणि खातीपिती. जोड्या लावताना साहजिकच तीच आधी निवडली जायची, कारण ती चावत नव्हती आणि त्यांना पिल्लं भरपूर होत.

पुढे लढाई पेटली. गावाकडची वाट बंद झाली. डॉक्टरांचे वडील तिकडेच वारले, यांना जाता आलं नाही. आता नवे प्राणी आणणं शक्य नव्हतं. आमच्या खोलीत जे होतं तेच. डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, “मेरा गाव इधर है, बाईस पिंजरे में.” मी मागे वही धरून उभा असायचो.

त्या हिवाळ्यानंतरच्या हिवाळ्याची गोष्ट. पशुवैद्यकीच्या काही विद्यार्थिनी केंद्र बघायला आल्या होत्या. एका पिंजऱ्यातला नर गोळा होऊन पडला होता. एक मुलगी म्हणाली, “डॉक्टर, हा मेलाय.” डॉक्टरांनी त्याला उचललं. टणक, थंड, पाय आवळलेले. अगदी नऊसारखा.

“मरा नहीं,” डॉक्टर म्हणाले. “सो रहा है. ठंड में ये ऐसा करता है.” मग मुलींकडे वळले. “श्वास पण इतका हळू की तुम्हाला दिसणारच नाही.” हे त्यांनी मुलींना इंग्रजीत सांगितलं, मी माझ्या भाषेत लिहितोय. “फार लोक फसतात. पुरून टाकतात.” मुली हसल्या. डॉक्टरांनी त्याला दोन्ही तळहातांत धरलं आणि बोलत राहिले, बिळांबद्दल, मसुराबद्दल. अर्धा तास झाला असेल. आधी मिशा हलल्या. मग एक पाय सुटला. मग अंगभर थरथर, आणि डोळा उघडला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मी घाफच्या झाडाकडे गेलो. वर्ष उलटून गेलं होतं, तिथे काय दिसणार? पण मला आठवलं ते वर्षापूर्वीचं. तिला पुरल्यावर चार-पाच दिवसांनी मी तिथून जात होतो, तेव्हा वाळूला मूठ जाईल एवढं भोक होतं. कोल्ह्याने उकरलं असेल म्हणून मी पायाने बुजवलं होतं. कोल्हाच असेलही. किंवा कोमट वाळूत ती जागी झाली असेल. खणणं हेच तर तिचं काम. वर आली असेल तर चारी बाजूंना वाळू, आणि तिच्या जातीचं एकही जनावर त्या सबंध देशात मोकळं नाही. कुठलं खरं ते मला माहीत नाही. मरेपर्यंत कळणार नाही.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. डॉक्टरांच्या हातात तो जिवंत झालेला नर होता आणि ते इतके खूश होते, हे मी स्वतःला दिलेलं कारण. पुढच्या वर्षी दुसरं. दर वर्षी खोटं जुनं होत गेलं आणि सांगायला जड.

एक मात्र केलं. घरी मराठीत एक छोटी वही घातली. तीत नऊच्या जागी ‘बाजारची’ असं लिहिलं, आणि तिच्या रक्ताचा जो जो जन्मेल त्याच्या नंबरापुढे ‘बा’. दोन्ही वह्या मी शेजारी शेजारी भरत गेलो. निवृत्त झाल्यावरही. डॉक्टर दर महिन्याला पिल्लांच्या याद्या मोबाइलवर पाठवायचे, “उस्ताद, तेरा हाथ का चाहिए,” आणि मी माझ्याकडेच राहिलेल्या केंद्राच्या मोठ्या वहीत ते उतरवायचो.

आता मी मुलाच्या व्हिसावर, मुलाच्या घरी, एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. खिडक्या उघडत नाहीत. जून ते सप्टेंबर उन्हामुळे खाली उतरायची सोय नाही. दारापासून लिफ्टपर्यंत आणि परत, एवढा माझा फेरा. नात म्हणते, “Ajoba, you’re pacing again.” मी म्हणतो, पाय मोकळे करतोय. जी नोकरी जाईल या भीतीने मी ते केलं, ती नोकरी संपूनही आता सात वर्षं झाली.

यंदा डॉक्टरांचा फोन आला. आवाज फुटत होता. गावाकडची वाट मोकळी झाली होती. तिथल्या विद्यापीठातले काही लोक, चुलतभावांची शेतं, सगळं जमत होतं. हॅमस्टर परत न्यायचे. फक्त वंशावळ शुद्ध रानटी असल्याचा दाखला हवा, नोंद ठेवणाऱ्याच्या सहीचा.

मी विचारलं, “रक्ताची तपासणी वगैरे नाही का करत?”

“तपासणी क्यों? तेरी किताब है ना,” ते म्हणाले. “जुम्मे को नमाज़ के बाद आएगा मैं.”

फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं, यावेळी पूर्ण. ती मेथी निवडत होती. काडी हातात तशीच राहिली.

“म्हणजे ती जिवंत होती?”

“असेल.”

काडी खाली ठेवून म्हणाली, “सांगू नका.”

“काय?”

“पंधरा वर्षं नाही सांगितलंत. आता त्यांचे वडील गेले, घर गेलं, तेवढं एक उरलंय. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून त्या माणसाला बुडवणार का?”

ती जे म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्याचं उत्तर मला दोन दिवस सापडलं नाही. गुरुवारी सापडलं, ते असं. मी सही केली तर त्यांच्या वडिलांच्या बांधावर दुकानातले हॅमस्टर सुटतील. तिथे थोडेफार खरे उरले असतील, तर त्यांच्यात हे मिसळतील. मग जगात कुठेच, कुठल्याच वहीत, खरं काय ते वेगळं काढता येणार नाही. माझी चूक एका खोलीत कोंडलेली होती तोवर ती माझी होती. तिला मोकळी सोडायचा हक्क मला नव्हता.

हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग त्यांना आधी जेवू घाला. नंतर सांगा.”

“जेवण झाल्यावर सांगितलं तर ते म्हणतील, जेवताना गप्प कसा बसलास.”

“हो, तेही खरं.”

शुक्रवारी डॉक्टर आले, खजुराचा डबा घेऊन. केस सगळे पांढरे झालेत. बसायच्या आधीच कागद टेबलावर पसरले आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी पेन बाजूला ठेवलं आणि सांगायला लागलो. चिठ्ठी, वाटोळं, लिंबू, घाफचं झाड, पक्षीबाजार. ते मधे एकदाच बोलले. “पंधरा लिखा था मैं?”

“पंधरा लिखा था. मैंने दस पढ़ा.”

“अरबी में लिखा.” ते कपाळाला हात लावून बसले. मला भीती वाटली की ते स्वतःकडे काही घेतायत. मी म्हटलं, “डॉक्टरसाब, चिठ्ठी का कसूर नहीं. मैंने छुपाया.”

“हां,” ते म्हणाले. “छुपाया तूने.”

मग मी मराठी वही काढली. त्यांना ती वाचता येत नव्हती, म्हणून मी नंबर वाचत गेलो आणि ते मोठ्या वहीत लाल पेनने रेघ मारत गेले. बायको एकदा चहा ठेवून गेली, परत येऊन गार कप घेऊन गेली. नऊवर आल्यावर त्यांनी विचारलं, “मरने की तारीख?”

“माहीत नाही.”

त्यांनी तसंच लिहिलं.

सध्या खोलीत एकेचाळीस प्राणी आहेत. रेघा मारून झाल्यावर चार उरले. डॉक्टरांनी त्यांचे नंबर परत परत तपासले, बोट ठेवून ठेवून. चारही नर. बाजारच्या रक्ताच्या माद्यांना पिल्लं जास्त व्हायची म्हणून गेली दोन वर्षं केंद्रात जोड्यांना त्याच घेतल्या होत्या. रानातल्या रक्ताची मादी एकही शिल्लक नव्हती.

ते उठले. दोन्ही वह्या त्यांनी घेतल्या. मला वाटलं ओरडतील. मी तयार होतो. दाराशी बूट घालताना म्हणाले, “बाईस पिंजरे का गाव बोलता था मैं सबको.” मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला निघालो, तर हाताने थांबवलं. “तू रह.”

दहा दिवस फोन नाही. मग मंगळवारी आला. आवाज कामाचा होता. प्राणी पाठवायचं रद्द केलंय. ते स्वतः गावी जाणार आहेत, बांधावर बिळं उरली आहेत का ते बघायला. उरली असली तर तिथेच, शेतातच त्यांना सांभाळायचं. चुलतभावांना विष थांबवायला लावायचं. पिंजरे नाहीत.

मी म्हटलं, “नोंदी ठेवायला कोणी लागेल तर...”

“नोंदी मैं रखेगा,” ते म्हणाले.

मग म्हणाले, जे झालं ते सगळं लिहून दे. विद्यापीठाला द्यायचंय, केंद्रालाही. मी विचारलं, इंग्रजीत लिहू ना? ते म्हणाले, “नहीं. इंग्लिश में तू ऑफिस का लिखेगा. अपनी ज़ुबान में लिख, मैं किसीसे पढ़वा लेगा.”

म्हणून हे मराठीत. चार नरांतला एक मागच्या आठवड्यात वयाने गेला, हे मला केंद्रातल्या एका जुन्या माणसाकडून कळलं. उरलेल्या तिघांना बघायला येऊ का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.